किती पौंडाचं?

मलकापुरात पूर्वी तज्ज्ञ तीन प्रकारचे असत: कुस्तीचे, बैलगाडा शर्यतीचे आणि महामार्गावरच्या पुलाचे. तिन्ही विषयांत अधिकारवाणीनं बोलायला स्वतः काही करावं लागत नाही, ही त्यातली मोठी सोय. ५ ऑगस्ट २०२३ ला यात चौथ्या प्रकाराची भर पडली. त्या दिवशी बर्लिनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत साताऱ्याच्या सतरा वर्षांच्या अदिती स्वामीनं कंपाउंड धनुष्यावर १५० पैकी १४९ गुण मिळवून वैयक्तिक सुवर्ण जिंकलं. त्याच दिवशी मूळ नागपूरच्या, पण सरावाला साताऱ्यात राहिलेल्या ओजस देवतळेनं अंतिम फेरीत १५० पैकी १५० मारले. बातमी कराडमार्गे मलकापुरात आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ढेबेवाडी फाट्यावरच्या चहाच्या टपरीत धनुर्विद्येचे जाणकार तयार होते.

त्यांच्यातल्या एकाला सोयीसाठी आपण आप्पा म्हणू. असे आप्पा आगाशिवनगरात आहेत, कोयना वसाहतीत आहेत, आणि तुमच्या गल्लीत नसतील तर त्यांचा वारसदार कुठंतरी मोबाईलवर व्हिडिओ बघत घडत असणार. आमचे आप्पा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झाले. उभी हयात दुसऱ्याचा ऊस मोजण्यात गेल्यामुळं मोजल्याशिवाय त्यांचा कशावरच विश्वास बसत नाही. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी मोजपट्टी. मोबाईलमध्ये परदेशातल्या जंगलात हरणामागं फिरणाऱ्या दाढीवाल्याचे व्हिडिओ. त्याचं इंग्रजी आप्पांना कळत नाही, धनुष्याची किंमत मात्र कळते.

आप्पांचा प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच: “किती पौंडाचं?” धनुष्य ओढायला किती जोर लागतो ते पौंडांत मोजतात, एवढं त्यांना कळलं आणि सगळं महाभारत-रामायण त्यांनी नव्यानं तपासायला घेतलं. सीतास्वयंवरात बाकीच्या राजांची फजिती का झाली? “पौंड न विचारता आले. बोर्ड बी नव्हता लावलेला.” रामानं ओढताच धनुष्य मोडलं, त्याचं काय? “लिंबात दोष. वॉरंटीत बसतंय ते.” (लिंब म्हणजे धनुष्याच्या लवणाऱ्या दोन भुजा.) एकलव्याबद्दल आप्पांना खरोखर वाईट वाटतं. आजच्या पद्धतीत दोरी तीन बोटांनी ओढतात, अंगठा मध्ये येतच नाही. “आत्ता असता तर गुरुदक्षिणा देऊन दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाला हजर झाला असता पोरगा,” असं म्हणून ते उरलेला चहा एका घोटात संपवतात.

ही विद्या आप्पांनी आपल्या बारा वर्षांच्या नातीसाठी मिळवली, असं ते सांगतात. नातीनं मागितलेली नव्हती. तिला धनुर्विद्येच्या मैदानावर घातलं ते तिच्या आईनं, शाळा सुटल्यावर मोबाईल हातात राहू नये म्हणून. पहिल्या दिवशी आप्पा सोबत गेले आणि शिकवणाऱ्या सरांना म्हणाले, “सर, पोरगी दमाची हाय. चाळीसच्या खाली देऊ नका.”

सर वयानं आप्पांच्या मुलाएवढे. त्यांनी शांतपणे नातीचे दोन्ही हात आडवे पसरवले आणि या टोकाच्या बोटापासून त्या टोकाच्या बोटापर्यंत माप घेतलं. साडेसत्तावन्न इंच. त्याला अडीचनं भागलं, तेवीस आले. “हिची ओढ तेवीस इंचांची. धनुष्यावर जे पौंड छापतात ते अठ्ठावीस इंच ओढल्यावरचे. ही तेवढं ओढणारच नाही, म्हणजे पौंडही तेवढे येणार नाहीत. सोळा-अठराचं धनुष्य तिला पुष्कळ आहे.”

अठरा! गावात सांगायचं काय? आप्पांनी त्या दिवसापासून उत्तर तयार ठेवलं: “सध्या अठरावर हाय, पण कंपाउंड घेतल्यावर साठ.” हे साठही त्यांना अपमानास्पद वाटतात, कारण व्हिडिओतला दाढीवाला सत्तरचं ओढतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत कंपाउंडला साठ पौंडांची कमाल मर्यादा आहे हे कळल्यावर त्यांनी नियम करणाऱ्यांना नाजूक ठरवलं. पुढं सरांनी सांगितलं की कंपाउंडच्या चाकांमुळं धनुष्य पूर्ण ओढलं की भार उतरतो; ऐंशी टक्के उतरला तर साठ पौंडांतले बाराच हातात राहतात. आप्पा हादरले. काट्यावर गाडी चढवली आणि चढवल्यावर ऐंशी टक्के ऊस गायब, हा हिशेब निवृत्तीनंतरही त्यांच्या गळी उतरेना.

त्यानंतर डोळ्यांचं प्रकरण आलं. जसा माणूस उजवा किंवा डावा असतो, तसा त्याचा एक डोळाही दुसऱ्यापेक्षा प्रबळ असतो, आणि धनुष्य उजव्या हाताचं घ्यायचं की डाव्या, हे आधी डोळा बघून ठरवावं लागतं. दोन्ही हातांच्या पंजांत लहानशी फट करायची, तिच्यातून लांबची एक वस्तू बघायची आणि आळीपाळीनं एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला वस्तू जागेवर दिसते तो प्रबळ. ही परीक्षा आप्पांनी टपरीवर घेतली. पुढचा आठवडाभर महामार्गावरून जाणाऱ्या एसटीतल्या प्रवाशांना ढेबेवाडी फाट्यावर आठ-दहा प्रौढ गृहस्थ हात पुढं करून ‘कोल्हापूर’ या पाटीकडं एक डोळा मिटून बघताना दिसत होते. त्यात आप्पांचा डावा डोळा प्रबळ निघाला. “म्हणूनच माझा आजवर नेम लागला न्हाय,” ते समाधानानं म्हणाले. आजवर त्यांनी नेम धरलेलाच नव्हता, हे कुणी बोललं नाही.

बाणांपाशी मात्र आप्पा खरे खुलले. बाण घेताना लांबी बघतात, वजन बघतात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याचा ताठरपणा, ज्याला मैदानावर स्पाइन म्हणतात. बाण अठ्ठावीस इंच अंतराच्या दोन टेकूंवर ठेवायचा, मध्यावर ८८० ग्रॅम वजन लटकवायचं आणि तो किती वाकतो ते इंचाच्या हजाराव्या भागात मोजायचं. अर्धा इंच वाकला तर स्पाइन पाचशे. इथं वजन होतं, टेकू होते, मोजमाप होतं. सेवेत परत बोलावल्याचा आनंद आप्पांच्या चेहऱ्यावर दिसला. घरात दोन स्टुलं मांडली गेली. वाण्याकडून एक किलो साखर आणून त्यातली १२० ग्रॅम बाजूला काढली. त्या साखरेचा आप्पांनी चहा केला, आणि उरलेली पिशवी सरांकडून तपासायला म्हणून आणलेल्या बाणांना एकेक करून लटकवली. आजी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, “अहो, कारखाना सोडलाय तुम्ही.”

पण एक गाठ सुटेना. पाचशेचा बाण तीनशेच्या बाणापेक्षा मऊ. म्हणजे आकडा मोठा आणि माल कमी! काट्यावर असं बोलणाऱ्याला आप्पांनी रांगेतून बाहेर काढलं असतं. अठरा पौंडांच्या धनुष्याला तीनशेचा ताठ बाण जोडला तर तो सुटताना वाकायला तयार नसतो आणि बाजूला जातो. हलक्या धनुष्याला मऊ बाणच लागतो, हे सरांनी परोपरीनं सांगितलं. नातीला ते पहिल्या वाक्यात समजलं.

धनुष्य म्हटलं की आप्पांना मधूनमधून शिकार आठवते. त्यांच्या आजोबांनी केलेल्या शिकारीत दर वर्षी एकेका जनावराची वाढ होते. शिवाय कराड तालुक्यातल्या उसात बिबट्या ही रोजची बातमी. तेव्हा व्हिडिओत बघितलेली शिकारीच्या बाणाची रुंद, धारदार पाती मागवावीत असा बेत त्यांनी टपरीवर मांडला. शेजारच्या बाकावर नेमके वनखात्यातले एक गृहस्थ भजी खात होते. त्यांनी सांगितलं की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे आणि बिबट्याच्या बाबतीत तीन ते सात वर्षं आत बसावं लागतं. आप्पा चटकन म्हणाले, “मारायचा कुठं म्हणालो साहेब? लांबनं नुसतं धनुष्य दाखवायचं.” साहेबांनी भजं खाली ठेवून विचारलं, “आणि त्यानं पौंड विचारले तर?”

ती पाती मैदानावर चालत नाहीत, ती लक्ष्य ठेवायचा बटही फाडतात, हे सरांनी वेगळं सांगितलं. आप्पा तरी खरेदीवाचून राहणार कसे? नातीचा सराव त्यांना बघवत नव्हता. पहिले काही आठवडे तिच्या हातात धनुष्यच नव्हतं. सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा हनुवटीपर्यंत ओढायचा, थांबायचं, सोडून न देता हळू परत आणायचा. पुढं धनुष्य आलं, पण बटावर लक्ष्याचा कागद नाही. पाच मीटरवर उभं राहून नुसती ओढ आणि सोड घोटायची. बोटांना चामड्याचा टॅब, हाताला गार्ड, छातीला गार्ड. सगळ्याचा किरकोळ खर्च ऐकून आप्पांना शरम वाटली. साताऱ्यातली पोरं उसाच्या रानातल्या मैदानावर शिकून जगज्जेती झाली, असं सर म्हणाले, तर आप्पांनी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं: “रान आपल्याकडं बी हाय. कमी हाय ती फक्त धनुष्याची.” फलटण तालुक्यातल्या सरडे गावच्या मजुराच्या घरातला प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकपर्यंत पोहोचला, हे उदाहरण दिलं, तर आप्पांनी विचारलं, “त्याचं किती पौंडाचं होतं?”

अखेर आप्पांनी गुपचूप चाळीस पौंडांचं धनुष्य मागवलं. सराव गच्चीवर. जुन्या कपड्यांनी भरलेलं पोतं कठड्याला टेकवलं. रिकामी दोरी सोडायची नाही, लिंबं तडकतात, हे त्यांना पाठ होतं. बाण सोडायच्या रेषेत आणि लक्ष्याच्या मागं कुणी नसावं, हा त्याहून पहिला नियम. तोही पाठ होता, पण गच्ची आपली असल्यामुळं त्यांनी तो लागू केला नाही. धनुष्य अर्धं ओढलं गेलं, हात लटपटू लागले, आणि बाण पोत्यावरून शेजारच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत घुसला. माणूस नव्हतं, ही मलकापूरची पुण्याई.

शेजारच्या वहिनी धावत वर आल्या. “आप्पा, टाकी फुटली की हो!”

“वहिनी,” आप्पा धनुष्य पाठीमागं लपवत म्हणाले, “चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी मलकापूरचं नाव देशभर झालं. अशा गावात टाकी ठेवायचीच कशाला?”

टाकीची किंमत त्यांनी भरून दिली. मैदानावर निदान मात्र ठाम होतं: “स्पाइन चुकला, सर.” सरांनी बाण हातात घेऊन बघितला. “स्पाइन बरोबर आहे आप्पा. बाण अगदी सरळ गेलाय. तुम्ही जिकडं धरलात तिकडं.”

एखादा दुसरा असता तर त्यानं मैदानावर पाऊल टाकलं नसतं. आप्पा दुसऱ्या दिवशी साखरेची पिशवी घेऊन हजर. तेव्हा सरांनी त्यांना काम दिलं. कार्बनचा बाण कशावर आदळून बारीक तडकला आणि तसाच पुन्हा धनुष्यावर चढला, तर सुटताना फुटून त्याचे तुकडे हातात घुसू शकतात. म्हणून बाण वरचेवर कानाजवळ धरून हलका वाकवावा लागतो, फिरवावा लागतो, कुरकुर ऐकू येते का बघावं लागतं. नॉक, म्हणजे दोरीत बसणारी बाणाची खाच, सैल झालाय का, पीस उखडलंय का, तेही तपासायचं. पोरांना याचा कंटाळा. आप्पांना मात्र जन्मभर याच नोकरीची सवय. आता प्रत्येक बाण त्यांच्या वहीत नोंदवलेला असतो, आणि त्यांनी बाद केलेला बाण पोरगं रडलं तरी परत मिळत नाही. कारखान्यात शेतकरी त्यांच्याशी वजनावरून भांडायचे. इथं सरसुद्धा भांडत नाहीत.

नात अजून अठरावरच आहे. दर सहा महिन्यांनी तिची उंची वाढते, ओढ बदलते, म्हणून घरचं धनुष्य घेण्याचा विषय पुढं ढकलला जातो आणि मैदानाच्या जुन्या धनुष्यावर तिचं चांगलं चाललंय. चाळीसचं धनुष्य कपाटावर आहे.

परवा एक तरुण बाप मुलाला घेऊन आला. हातात महागड्या कंपाउंडचं चित्र, तोंडात सत्तर पौंड. सर दूर होते, त्यामुळं तो आप्पांच्या तावडीत सापडला. आप्पांनी खिशातली मोजपट्टी काढली, पोराचे हात पसरवले, अडीचनं भागलं आणि बापाला बाजूला घेऊन समजावलं, “वरीसभर काय बी घेऊ नका. टायरवाल्याकडनं जुनी ट्यूब आणा. धनुष्य पोराच्या मापाचं असतंय, बापाच्या न्हाय.”

बाप मान डोलावून निघाला. दहा पावलं गेला नसेल, तोच आप्पांनी हाक मारली. “अहो पाव्हणं, न्हायच राहवलं, तर माझ्याकडं एक चाळीसचं हाय. फक्त एकच बाण सुटलाय त्यातनं.”