सगळ्यांचं ऐकणारं यंत्र

निवृत्त नवऱ्यांचं काय करायचं, हा प्रश्न इंग्लंडने मेटल डिटेक्टर देऊन सोडवला आहे. शेतमालकाची परवानगी काढायची, हेडफोन चढवायचे आणि कॉइल झुलवत दिवसभर बायकोचं सोडून जमिनीचं ऐकायचं. सफकमध्ये राहायला आल्यापासून आमचे हेही त्यातलेच.

ह्यांचं पहिलं यंत्र सिंगल फ्रीक्वेन्सीचं. पाच किलोहर्ट्झच्या आसपास ठेवलं की चांदीची मोठी नाणी खोलातूनही ओ देणार. चाळीसच्या घरात नेलं की सोन्याचा बारीक तुकडा बोलणार, पण तो फार खोल नसला तरच.

मग मल्टी आलं. ते एकदम अनेक फ्रीक्वेन्सी सोडतं आणि परत येणारी उत्तरं ताडून पाहतं. समुद्रकाठच्या ओल्या वाळूत सिंगल यंत्र मिठालाच धातू समजून कोकलतं. मल्टी मिठाचं म्हणणं ऐकून घेतं आणि सोडून देतं. विजेच्या तारांखाली मात्र त्याची बडबड थांबेना, की मुकाट सिंगलवर यायचं आणि त्यातल्या त्यात शांत फ्रीक्वेन्सी धरायची.

सांगलीहून आलेल्या सासूबाईंना ह्यांनी हे सगळं तासभर समजावलं.

"म्हणजे ऐकावे जनाचे, करावे मनाचे," त्या म्हणाल्या. "त्याला एवढे पौंड कशाला रे? बरं, सोनं कुठलं, पत्रा कुठला, ते तरी सांगतं का?"

हे गप्प. कारण सोन्याची अंगठी आणि बिअरच्या कॅनची कडी, दोघींचा पडद्यावरचा आकडा पुष्कळदा एकच येतो. यंत्राला धातूतून वीज किती सहज वाहते ते कळतं, सराफ कट्ट्यावरचा भाव कळत नाही. त्यामुळे आमच्याकडे कड्यांचा संग्रह मोठा आहे. उद्या खजिना लागलाच, तर कायद्याने तो 14 दिवसांत कॉरोनरला कळवायचा. एरवी संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा हाच अधिकारी. आपली हावही त्याच्याच दप्तरी जमा करायची.

"इथे कुणाला काही सापडलंय तरी का?"

सापडलंय. याच सफकमधल्या हॉक्सन गावी 1992 साली एका शेतकऱ्याची हातोडी हरवली. ती शोधायला गेलेल्या मित्राला सुमारे 15,000 रोमन नाणी आणि सोन्याचे दागिने मिळाले. हातोडीही मिळाली, आता तीसुद्धा ब्रिटिश म्युझियमच्या मालकीची आहे.

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "अरे, मग फ्रीक्वेन्सीचं काय घेऊन बसलास? आधी हातोडी हरव!"

तेव्हापासून घरातली हत्यारं मी कुलपात ठेवते.