ठामपणे 'नाही' म्हणण्याची पूर्वतयारी

पहिली सूचना: आपण हे शिकतो आहोत याचा कुणाला पत्ता लागू देऊ नये. 'मला नाही म्हणताच येत नाही हो' असं चारचौघांत एकदा बोललात, की भाचीच्या लग्नाच्या पत्रिका वाटण्यापासून शेजाऱ्यांच्या कुंड्यांना पाणी घालण्यापर्यंतची सगळी कामं तुमच्या दाराशी रांग लावतात.

ही विद्या मूळची अमेरिकेतली. १९४९ मध्ये अँड्र्यू सॉल्टर यांनी मनातल्या मनात कुढणाऱ्यांना तोंड उघडायला सांगणारं पुस्तक लिहिलं. १९७५ मध्ये मॅन्युएल स्मिथ यांचं 'व्हेन आय से नो, आय फील गिल्टी' आलं. नकार दिला की अपराधी वाटतं, हे निदान नावातच उरकल्यामुळे पुष्कळांना पुस्तक उघडावंच लागलं नसावं. आणखी एक आचार्य म्हणजे अल्बर्ट एलिस. मुलींशी बोलायची धास्ती घालवायला हे तरुणपणी ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात जाऊन दिसेल त्या स्त्रीशी गप्पा मारायला बसत. महिनाभरात शंभरेक जणींशी बोलणं झालं, एक भेटायला कबूल झाली आणि तीही आली नाही. पण नकाराने माणूस मरत नाही, हे कळलं. वाचकांनी हा प्रयोग आपल्या गावच्या बागेत करू नये. इथे नकारापाठोपाठ पोलीस येतो. त्याऐवजी, सुट्टे नाहीत म्हणून वाण्याने पुढे केलेली चॉकलेटं परत सारून 'दोन रुपयेच द्या' म्हणावं. यूपीआय आल्यापासून हाही सराव बुडाला, ही गोष्ट वेगळी.

घरात जपून. 'तू नेहमी उशीर करतेस' असं न म्हणता 'वाट बघताना मला ताण येतो' म्हणावं, असं शास्त्र सांगतं. म्हणून पाहा. 'ऑफिसात ट्रेनिंग झालं वाटतं,' एवढ्या चार शब्दांत शास्त्र आडवं होतं. तरी व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला नात्यांवरचा सुविचार लावून तो 'योग्य माणसापर्यंत' पोचायची वाट बघण्यापेक्षा हे बरं. सुविचार योग्य माणूस सोडून सगळे बघतात, आणि साडूचा फोन येतो.

कचेरीत फक्त एक पथ्य. सहा वाजून दहा मिनिटांनी, पिशवी खांद्याला असताना, साहेब 'जरा पाच मिनिटं' म्हणाले तर 'आज निघतोय, उद्या सकाळी आल्या आल्या करतो' असं उभ्याने सांगावं. खुर्चीत टेकलात की आठची गाडी.

खरी परीक्षा सोसायटीत. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून ती शेवटच्या रविवारी पार्किंगमध्ये भरते. गणपूर्ती नसते. मग सभा अर्धा तास तहकूब होते आणि त्याच जागी, त्याच सात माणसांत पुन्हा सुरू होते; तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. सेक्रेटरीची जागा रिकामी असते. सगळे आपापल्या चपला न्याहाळत असतात. अशा वेळी जो मान वर करतो, त्याचं नाव सुचवलं जातं आणि अनुमोदकही तयारच असतो.

इथे नवशिके कारण देतात.

'मला वेळ नसतो.'

'काम काय असतं हो? महिन्यातून चार सह्या!'

'हिशेबातलं मला कळत नाही.'

'मग ऑडिटर कशाला आहे?'

'पाठीचा त्रास आहे.'

'बसूनच तर करायचंय.' शिवाय तळमजल्यावरचे काका एका वैद्यांचा नंबर देतात.

कारण पुढे टाकलं की ते सोडवायला अख्खी बिल्डिंग धावून येते, हे ध्यानात ठेवावं. एरवी गळका पाइप सोडवायला कुणी येत नाही. शेवटी तुमच्याकडे कारण उरत नाही आणि प्रोसिडिंगमध्ये 'एकमताने' हा शब्द पडतो. म्हणून कारण द्यायचंच नाही. 'मला जमणार नाही.' एवढंच. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. शब्द तेच, आवाज तोच, चेहरा प्रसन्न. स्मिथ याला अडकलेली तबकडी म्हणतात. तिसऱ्या खेपेला 'अहो पण का?' येईल. त्यालाही तेच. हा 'का' फार गोड आवाजात येतो. भलेभले तिथेच पाठीचं दुखणं काढून बसतात.

मग टोचणी सुरू होते. 'तुम्ही सोसायटीसाठी कधी काही करतच नाही.' इथे गणपतीची वर्गणी, टाकीची सफाई असला इतिहास उगाळू नये. 'खरंय, फारसं होत नाही माझ्याकडून,' असं म्हणून शांत राहावं. समोरच्याने भांडायला हात उगारलेला असतो आणि पुढे धुकं निघतं. हा स्मिथ यांचाच डाव.

चौथ्या नकारानंतर 'निदान खजिनदार तरी?' असा प्रस्ताव येतो. पद लहान झालं म्हणून वाक्य बदलू नये.

एवढ्यात चहा येतो. चहाला हो म्हणायला हरकत नाही. मात्र कप हातात असताना कुणी 'हजेरीची सही राहिली बघा' म्हणत वही पुढे केली, तर कप खाली ठेवून वरचा मजकूर आधी वाचून घ्यावा.