गळतीमीमांसा

शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी सांगून टाकाव्यात, असा दंडक आहे. प्रस्तुत ग्रंथाचा विषय कोकणातल्या जुन्या कौलारू घराची गळती हा होय. प्रयोजन असे की, रात्री दोन वाजता पातेले नेमके कुठे ठेवावे याविषयी मराठीत आधारभूत ग्रंथ नाही. संबंध गळती आणि गृहस्थ यांच्यातला असून तो सातबारावर नसला तरी वारसाहक्कानेच येतो. अधिकारी म्हणजे वाचायला पात्र असा माणूस; मुंबई-पुण्यात आयुष्य काढून आजोबांचे घर ‘थोडे ठीकठाक करून’ तिथे राहायला जायचे ज्याने ठरवले आहे, तो. स्लॅबच्या घरात राहणाऱ्यांनी हा ग्रंथ वाचू नये. त्यांच्या गळतीला वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाड जबाबदार असते आणि तो विषय शास्त्राचा नसून सोसायटीच्या वार्षिक सभेचा आहे.

पूर्वी घरांवर कुंभाराने घडवलेले अर्धगोल नळे असत. 1865 मध्ये बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ते लाल, चपटे मंगलोरी कौल किनाऱ्याने वर सरकत घरोघर चढले. त्याच्या कडांना खाचा असतात. शेजारचे कौल खाचेत बसते, वरच्या ओळीचे कौल खालच्या ओळीच्या डोक्यावर चढते. कारखान्यातून निघालेल्या या रचनेत पाण्याला आत शिरायला जागाच नाही. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, ही म्हणही त्याच विश्वासावर उभी आहे. मात्र म्हण रचणाऱ्याने आषाढातला नैऋत्येचा वारा हिशेबात धरलेला नव्हता. तो वारा कौलाच्या कडेखालून पाणी वर ढकलतो. ते आढ्यापर्यंत जात नाही हे खरे, पण माजघरात यायला तेवढ्या चढाची गरजही नसते.

आता सूत्रे आणि त्यांवरील भाष्य.

सूत्र पहिले: थेंब पडतो तेथे भोक नसते.

येथे दोन मतप्रवाह आहेत. भोकवादी म्हणतात, ‘थेंबाच्या बरोबर डोक्यावरचे कौल फुटलेले असणार.’ हा पूर्वपक्ष दिसायला सरळ आहे, म्हणूनच शहरातून आलेले सगळे गृहस्थ भोकवादी असतात. ते शिडी लावून वर जातात, डोक्यावरचे निर्दोष कौल बदलतात आणि चढता-उतरताना पायाखालची दोन फोडतात. वासावादी याचे खंडन करतात. पाणी एका कौलातून शिरते, रिपेवर उतरते, वाशाच्या पोटाला चिकटून खाली सरकते आणि एखादी गाठ किंवा खिळा आडवा आला की तिथे थेंब होऊन पडते. देवघरावर शिरलेले पाणी त्यामुळे पडवीतल्या झोपाळ्यावर पडते. वासावाद्यांचे मत ग्राह्य आहे, पण त्याचा उपयोग शून्य आहे. पाणी कुठून आले हे कळायला पाऊस चालू असावा लागतो, आणि पाऊस चालू असताना शेवाळलेल्या कौलांवर चढेल तो वासावादी उरत नाही.

सूत्र दुसरे: कौल दुरुस्त होते, गळती स्थलांतर करते.

याचे गणित सोपे आहे. चौरस मीटरला साधारण 15 कौले बसतात. 150 चौरस मीटरच्या छपरावर म्हणजे सव्वादोन हजारांच्या घरात कौले झाली. एक सरळ करायचे तर आजूबाजूची हलवावी लागतात आणि हललेल्या कौलाला पूर्वीची बैठक पुन्हा लाभेलच असे नाही. शिवाय वानरांचा कळप आहे. एका छपरावरून दुसऱ्यावर जाताना तो कौलांची मांडणी आपल्या सोयीने करतो. माडाचाही वाटा आहे. 15 मीटरवरून सुटलेला नारळ खाली पोहोचेपर्यंत ताशी 60 किलोमीटरच्या वेगाला पोहोचतो. कोकणातल्या रस्त्यांवर हा वेग क्वचितच कुणाला साधतो. मात्र एक गोष्ट छपराच्या बाजूने नोंदवली पाहिजे. किनारपट्टीवर वर्षाकाठी 3000 मिलिमीटर पाऊस धरला, तर या छपरावर साडेचार लाख लिटर पाणी पडते. त्यातला हजारावा हिस्सा जरी आत आला तरी साडेचारशे लिटर होतात. उरलेले 99.9 टक्के पाणी छप्पर निमूटपणे बाहेर टाकते आणि त्याबद्दल त्याला कुणी शाबासकी दिल्याचे आढळत नाही.

सूत्र तिसरे: शाकारणी मृगाआधी ठरते, मृगानंतर होते.

कौले परतण्याचा काळ चैत्र-वैशाखाचा. गृहस्थ होळीलाच गड्याला सांगून ठेवतो. उत्तर येते, ‘तुमी काळजी करू नकात, पावसाक अजून येळ आसा.’ हे विधान फाल्गुनात सत्य असते, वैशाखात अर्धसत्य असते आणि 7 जूनच्या सुमारास मृग लागला की त्याचे रूपांतर ‘फाल्यां येतंय’ यात होते. यात गड्याचा दोष नाही. गावातली सगळी छपरे एकाच पंधरवड्यात आठवतात आणि छपरावर चढणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. अखेर तो आर्द्रात येतो, वर नजर टाकतो आणि म्हणतो, ‘जुना घर ह्या, गळतलाच.’ सदर ग्रंथातली सर्व सूत्रे या एका वाक्यात आली असल्याने तो आमचा पूर्वसूरी मानावा लागेल.

सूत्र चौथे: पात्रानुसार नाद, नादानुसार निद्रा.

गळतीखाली ठेवायच्या भांड्यांत स्टीलचे पातेले निकृष्ट. त्यातला पहिला थेंब घरभर ऐकू जातो. पितळी घंगाळ गंभीर वाजते आणि भरायलाही वेळ घेते, पण ते माळ्यावर असते आणि माळाही गळत असतो. प्लॅस्टिकच्या बादलीत तळाशी जुने फडके टाकावे. नाद जवळजवळ बंद होतो. मात्र अनुभवी गृहस्थ तसे करत नाहीत, कारण नाद बंद झाला की बादली भरली हे पायाला कळते. पुनर्वसूचा तरणा पाऊस जोरात येतो आणि जातो. त्याला एक बादली पुरते. पुष्याचा म्हातारा पाऊस संथ लागतो आणि थांबायचे विसरतो. त्याला सगळी भांडी लागतात आणि आमटी चहाच्या भांड्यात करावी लागते. पंचांगात नक्षत्राचे वाहन हत्ती, बेडूक किंवा म्हैस असल्यास पाऊस भरपूर असे मानतात. वाशांवरून मात्र बारा महिने उंदराचेच वाहन चालते.

सूत्र पाचवे: जे लावले ते मरते, जे लावले नाही ते भिंतीत उगवते.

बागेचे प्रकरण येथे ओघाने येते, कारण घर आणि बाग यांच्यातली सीमा फक्त खरेदीखतात असते. नर्सरीतून आणलेली रोपे पहिल्या पावसात खड्ड्यात पाणी साचून कुजतात. त्याच वेळी पक्ष्याच्या विष्ठेतून आलेले पिंपळाचे बी चिऱ्याच्या सांध्यात मातीवाचून, खतावाचून आणि मालकाच्या परवानगीवाचून मूळ धरते. न्हाणीच्या पाण्यावर अळू माजते, उंबऱ्याखाली कुत्र्याच्या छत्र्या उगवतात, अंगणातली अबोली मान टाकते. पिंपळ उपटायला घरातली वडीलधारी मंडळी नकार देतात, आणि अबोलीबद्दल ‘तिला पाणी कमी पडले’ असे भर पावसात सांगतात.

ओल थांबवण्यासाठी कुणी भिंतीला सिमेंटचा गिलावा सुचवतो. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि उघड्यावर टणक होतो. तो पाणी पितो आणि सोडतोही. पूर्वीचा चुना-मातीचा लेप त्याला ते करू देत असे. सिमेंट त्याचे तोंड बंद करते. मग ओल आतल्या आत फिरते आणि शेवटी कपाटामागे, जिथे आजोबांचा फोटो टांगलेला असतो, तिथे बुरशीच्या रूपाने बाहेर पडते.

सूत्र सहावे: पाणी एकच, पत्ता चुकीचा.

हाच या मीमांसेचा सिद्धान्त होय. भरल्या माडाला उन्हाळ्यात रोज 40 ते 50 लिटर पाणी लागते. जानेवारी ते मे हे पाच महिने धरले, तर आपल्या छपरावर पडलेल्या साडेचार लाख लिटरांत साठाहून अधिक माडांचा उन्हाळा निघावा. प्रत्यक्षात आषाढात गृहस्थ ते पाणी बादलीने अंगणात फेकतो आणि वैशाखात विहिरीच्या तळाशी डोकावत त्याच बादलीने आळी भिजवतो. जुने घर सांभाळणे म्हणजे चार महिने पाण्याला ‘इकडे येऊ नकोस’ आणि पुढचे आठ महिने ‘इकडे ये’ म्हणणे. दोन्ही वेळा ते ऐकत नाही. कौल, वासा, गिलावा, आळे, पाट यांवर होणारा सगळा खर्च हा या एकाच गैरसमजाचा खर्च आहे.

फलश्रुती. जो गृहस्थ हा ग्रंथ मृगाआधी श्रद्धेने वाचील, त्याचे घर गळायचे थांबणार नाही. जो वाचून कृती करील, त्याचे घर दुसरीकडे गळेल. जो गड्याला आगाऊ पैसे देईल, त्याला पुढच्या फाल्गुनात भेट घडेल. आणि जो यातले काहीच न करता वळचणीखाली एक सिमेंटची टाकी बांधील, त्याला गावात वेडा म्हणतील. मे महिन्यात मात्र गावातली निम्मी माणसे कळशी घेऊन त्याच्याच दारात उभी असतील.