ओला कचरा पेटवण्याची सोपी कृती
(नवशिक्यांसाठी)

साहित्य: गावभरचा कचरा, एक भट्टी, एक काडेपेटी आणि भरपूर आत्मविश्वास.

1. कचरा वेगळा करू नका. भाजीचे देठ, उष्टं, झाडलोटीची माती, सगळं एकाच घंटागाडीत कोंबा. पावसाळ्यात ताडपत्री टाकू नका. वजन छान भरतं.

2. उष्मांकाची चौकशी टाळा. अंकुशनगरसारख्या साखर कारखान्याच्या गावात राहत असाल, तर तिथल्या बॉयलरवर काम केलेल्या माणसापासून लांबच राहा. तो नको तो हिशेब सांगेल: कोरड्या बगॅसमध्ये, म्हणजे उसाच्या चोथ्यात, किलोमागे साधारण 4,600 किलोकॅलरी असतात, पण चरकातून ते निम्मं पाणी घेऊनच येतं. म्हणजे राहिल्या 2,300. त्यातूनही वाफेवाटे जातं ते वगळलं, की हाती लागतात 1,800च्या आसपास. ओल्या कचऱ्याचं गणितही असंच.

3. काडी लावा. आग आधी पाणी आटवेल. किलोभर पाण्याची वाफ करायला सुमारे 600 किलोकॅलरी लागतात आणि त्या धुराड्यातून निघून जातात. मातीचं तर विचारूच नका. ती जळत नाही, नुसती तापते.

4. तापमान चढेना? आणखी चार टोपल्या ओला कचरा ओता. तरीही चढेना? पंखा वाढवा. तापमान टोपल्या मोजून ठरत नाही. किलोमागे उष्णता किती आणि ती वाटून घ्यायला वाफ आणि हवा किती, यावर ते ठरतं. गरजेपेक्षा जास्त हवा भट्टी थंडच करते. पण हे लक्षात ठेवायचं नाही.

5. शेवटचा उपाय: पिशव्यांचा ढीग एकदम टाका. पॉलिथिनचा उष्मांक 10,000च्या वर. पारा असा उसळेल, की राख वितळून भट्टीला चिकटेल. पीव्हीसी मिसळलेलं असेल, तर आम्लाचा धूरही फुकट.

6. 2016च्या घनकचरा नियमांनी दोन कक्षांच्या भट्टीत दुसऱ्या कक्षाला किमान 950 अंश सांगितले होते. तापमापक काढून ठेवा; मन शांत राहील.

कृती आजमावलेली आहे. दिल्लीत तिमारपूरला 1987 साली रोज 300 टन कचरा जाळायचा प्रकल्प उभा राहिला. कचऱ्याचा उष्मांक अपेक्षेहून फारच कमी निघाला आणि तो बंद पडला.

कृती बिघडवायची असेल, तर मात्र दारात दोन बादल्या ठेवा. ओल्याचं खत करा. भट्टीकडे सुकंच जाऊ द्या.