हातात येणारं स्टिअरिंग

बिजासन घाट उतरणाऱ्या कुठल्याही ट्रकड्रायव्हरला ‘स्टिअरिंग हातात आलं तर?’ एवढंच विचारून बघा. तो उत्तर देणार नाही. आधी बिजासनी मातेला हात जोडेल. आमच्या ताईचा मुलगा मात्र शिरपुरात, पदरचे पैसे घालून, हातात येणारंच स्टिअरिंग गाडीला बसवत होता.

शिरपूर आमच्या लहानपणी कापूस, केळी आणि आग्रा रोडवरचा चहा एवढ्यासाठी माहीत. आता इंजिनिअरिंगची कॉलेजं झाली, त्यामुळे गावातली कुठलीही वस्तू जोडलेल्या अवस्थेत राहील याची खात्री उरलेली नाही. भाच्याच्या टोळीने एकाच माणसाची रेसिंग गाडी बांधायला घेतली. पाइपांचा सांगाडा, मोटारसायकलचं इंजिन, छत नाही, दार नाही. कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ‘फॉर्म्युला भारत’ ही विद्यार्थ्यांची स्पर्धा होते, तिथे ती न्यायची. ताईचे बेत निराळे. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किक मारून चालू होणारी छोटी जीप बनवली आणि २०२२च्या जानेवारीत आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो दिली, हे तिने टीव्हीवर पाहिलेलं. ती गाडीचं कामच विचारत नाही. थेट विचारते, ‘पांढरी मिळेल ना?’

तर या जातीच्या गाडीत चालक बसत नाही, आडवा होतो. पाय पुढे गाडीच्या नाकात, स्टिअरिंग मांडीवर. आणि नियम असा की हेल्मेट, हातमोजे, पट्टे सगळं चढवून, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसलेला माणूस ५ सेकंदांत दोन्ही पायांवर जमिनीवर उभा दिसला पाहिजे. आग काही थांबत नाही. मांडीवरचं चाक निघाल्याशिवाय हे होणं नाही. म्हणून ते बसल्या जागी, हातमोज्यांनिशी काढता आलंच पाहिजे.

त्यासाठी एक कळ असते, तिचे दोन तुकडे. एकाला दाते असतात, तो स्टिअरिंगच्या दांड्याला वेल्डिंगने जोडायचा. दुसरा चाकामागे ६ बोल्टांनी बसतो. बोल्टांचं वर्तुळ ७० मिलिमीटरचं. या दुसऱ्या तुकड्याची कडी आपल्याकडे ओढली की आतले छर्रे दात्यांमागची खाच सोडतात आणि चाक सुटतं. भाच्याने हे सगळं वेल्डिंगवाल्या मिस्त्रींना समजावलं. मिस्त्रींनी काच वर केली.

‘भो, काढनंच शे, ते मंग वेल्डिंग कसाले?’

मला तर हा प्रश्न बिनतोड वाटला. आयुष्यभर सुटलेलं जोडत आलेल्या माणसाला, सुटावं म्हणून जोड, असं सांगणं बरं नव्हे.

वेल्डिंगआधी पुढची चाकं सरळ आहेत का, यावर तासभर वाद. शेवटी पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत दोरी ताणली, तेव्हा पोरांचं एकमत झालं. दात्यांचा तुकडा तिरका जोडला गेला तर गाडी सरळ आणि स्टिअरिंग तिरकं, हे जन्मभराचं दुखणं. आधी कडीचा तुकडा बाजूला काढला, नाहीतर उष्णतेने स्प्रिंग मरते. मग चार बाजूंनी एकेक टाका, मग समोरासमोर थोडं थोडं वेल्डिंग, म्हणजे दांडा एका अंगाला ओढला जात नाही. शेवटचा टाका झाल्यावर मिस्त्रींनी सवयीने पाण्याच्या बादलीकडे हात नेला आणि पाच-सहा भावी इंजिनिअर एका सुरात किंचाळले. लाल लोखंड पाण्यात घातलं की ठिसूळ होतं. मिस्त्रींनी बादलीतलं पाणी शांतपणे तोंडावर मारलं.

मग ढिलेपणा. नियमात स्टिअरिंगला फार तर ७ अंश मोकळीक. आमच्याकडच्या जुन्या जीपला पाव चक्कर फिरवल्यावर कुठे पुढच्या चाकांना निरोप पोचतो, आणि तरी लग्नाची वऱ्हाडं वेळेवर पोचली आहेत.

उरली ५ सेकंदांची चाचणी. ‘मामा, तुम्ही बसा,’ भाचा म्हणाला. ‘तुम्ही निघालात तर कोणीही निघेल.’ मी आत शिरलो. मला आत दाबलं म्हणणं जास्त खरं. शिट्टी झाली. कडी ओढली, चाक लोण्यासारखं हातात आलं. आता ते ठेवू कुठे? पोटावर जागा होती, पण पोट बाहेर काढायचं होतं. ‘फेका, मामा, फेका!’ पोरं ओरडली. एवढी महागाची नवी वस्तू मातीत फेकायची? माझ्याने होईना. मी चाक दोन्ही हातांनी पुढे केलं आणि म्हणालो, ‘धर रे कोणीतरी.’ ५ सेकंद तिथेच संपले. स्टॉपवॉचवाल्याने मधल्या वेळात चहा सांगितला.

फॉर्म्युला वनमध्ये याच्याही पुढची शिस्त. चालक गाडी सोडून गेला तरी चाक परत जागेवर बसवून जायचं, कारण मागे गाडी ढकलणाऱ्यांना ती वळवायची असते. तिथेही कुणाच्या तरी आईने नियम केलेला दिसतो.

हल्ली भाचा रात्री चाक काढून घरी आणतो; गाडी कोणी नेऊ नये म्हणून. सकाळी ते ताईच्या कपाटात असतं आणि किल्ली ताईच्या कमरेला. शेवभाजी आणि कळण्याची भाकरी संपल्याशिवाय ते बाहेर येत नाही. काल कॉलेजातली सगळी टोळी जेवायला बसली होती.