सहा ते अठरा

गावात मूल जन्माला आले, की सरकार दारात येते. आशाताई चौकशीला येतात, लस टोचली जाते, अंगणवाडीत वजन होते, दंडाचा घेर मोजला जातो, पोषण आहार सुरू होतो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेचे हे मोठे काम आहे. सहा वर्षांपर्यंतच्या मुलाचे नाव गावातल्या एका तरी रजिस्टरमध्ये असते. पुढे अठरा पूर्ण झाले, की तेच नाव मतदारयादीत चढते आणि उमेदवार दारात येतात. मधली बारा वर्षे ग्रामपंचायतीच्या दप्तरात हे मूल कुठे असते?

कुठेच नसते. शाळा जिल्हा परिषदेची, हायस्कूल संस्थेचे, एसटी महामंडळाची. ग्रामपंचायतीत विचारले, तर 'तो आमचा विषय नाही' असे उत्तर मिळते. हे उत्तर चूक आहे. १९९३ पासून लागू असलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय दिले. शिक्षण, ग्रंथालये, कुटुंबकल्याण, महिला व बालविकास हे चारही त्यात आहेत. म्हणजे विषय आहे, आणि पैसाही आहे. स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे, हे सरपंचापासून शिपायापर्यंत सगळ्यांना पाठ असते.

या दहा टक्क्यांचे काय होते, ते मार्चमध्ये बघावे. आर्थिक वर्ष संपायला पंधरा दिवस उरलेले असतात आणि खर्च दाखवायचा असतो. मग अंगणवाडीला खुर्च्या येतात, वजनकाटा येतो, बचतगटाला शिलाई मशीन येते. वस्तूचे बिल मिळते, वाटपाचा फोटो निघतो, लेखापरीक्षणात आक्षेप येत नाही. अंगणवाडीला पंखा आणि वजनकाटा हवाच, त्याला माझा विरोध नाही. पण आठवीतल्या मुलीला त्या दहा टक्क्यांतून काय मिळाले, हा प्रश्न कुठल्याच मासिक सभेत निघत नाही, आणि माझा सगळा राग त्यावर आहे.

तिची संध्याकाळ कशी जाते? पाचला शाळा सुटते. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेलेली, बाप ट्रॅक्टरवर किंवा एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला. घरी आल्याबरोबर पाणी, भाकरी, धाकटा भाऊ. अभ्यासाला बसावे तर एका खोलीत पाच माणसे आणि टीव्ही. तिच्या वयाचा मुलगा असेल तर तो पारावर, मोठ्या पोरांच्या मोबाइलभोवती. तिथे तो काय बघतो, काय शिकतो, त्याच्या हातात गुटख्याची पुडी कधी येते, याचा पत्ता घरालाही नसतो आणि गावालाही नसतो. पाच ते आठ या तीन तासांत पोरे हातची जातात. त्या तासांना तालुक्याचे कार्यालय बंद असते. गाव मात्र जागे असते. म्हणून हे काम गावाचेच आहे.

गावाला जमेल का, असे विचारणाऱ्यांनी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावकडे बघावे. २०२२ साली या गावाने ठरवले, की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. सुरुवातीला अंगणवाडी सेविका, शिक्षक आणि ग्रामपंचायतीचे कर्मचारी घरोघर फिरले, पालकांशी बोलले. त्यासाठी मंत्रालयातून आदेश यावा लागला नाही. त्याच वर्षी ४ मे रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला: नवरा गेला म्हणून कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचे नाही. दोन आठवड्यांच्या आत राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितले. आधी गाव चालले, मग सरकार. ग्रामसभेच्या ठरावात एवढे बळ आहे. आपण ते रस्त्याच्या खडीवर आणि गटारावर खर्चून टाकतो.

शेजारच्या कर्नाटकाने तर हे पद्धतशीर केले. ग्रामपंचायतींची वाचनालये ग्रामविकास खात्याच्या ताब्यात घेतली आणि २०२० मध्ये 'ओदुव बेळकु' नावाची मोहीम काढून शाळकरी मुलांना फुकट सभासद केले. वयोगट कोणता? सहा ते अठरा. ज्या बारा वर्षांत आपल्याकडे दप्तर कोरे राहते, नेमकी तीच.

आता हिशेब करू. समजा, मध्यम गाव आहे. घरपट्टी, पाणीपट्टी, बाजारफी धरून वर्षाचे स्वउत्पन्न आठ लाख. दहा टक्के म्हणजे ऐंशी हजार. गावातली पदवी झालेली एखादी मुलगी किंवा निवृत्त गुरुजी रोज संध्याकाळी पाच ते आठ बसायला तयार असतील, तर महिना तीन हजार मानधनाने वर्षाचे छत्तीस हजार होतात. पंधरा हजारांची पुस्तके, कॅरम, बुद्धिबळ, दोरीच्या उड्या. विजेचे बिल आणि दिवे यांना दहा हजार. तरीही एकोणीस हजार हातात उरतात, त्यात अंगणवाडीचा पंखा घ्या. खोली शोधायलाही लांब जायला नको. सभामंडप, समाजमंदिर, शाळेचा वर्ग, एक तरी जागा संध्याकाळी कुलपात असतेच. मानधन या शीर्षात बसत नाही असे कोणी म्हटले, तर बाकीच्या स्वनिधीतून द्या. नव्वद टक्के अजून शिल्लक आहेत.

माणूस हा या खर्चाचा गाभा आहे. पुस्तकांचे कपाट देऊन किल्ली शिपायाकडे ठेवली, तर ते कपाट पुढच्या मार्चपर्यंत उघडत नाही. पोरांना नावाने हाक मारणारे कोणीतरी तिथे बसलेले हवे.

शहरांचेही सांगून टाकतो, कारण तिथे पैसा कितीतरी जास्त आहे. महापालिकांना महिला व बालकल्याण समिती असते, पण २०२२ नंतर राज्यातल्या बहुतेक महापालिका कित्येक वर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. नगरसेवकच नाहीत तर समिती कुठून येणार, आणि वस्तीतल्या बाईने अभ्यासिका मागायची कोणाकडे? निवडणूक लांबते तेव्हा पुढाऱ्यांची पदे जातात एवढीच चर्चा होते. वस्तीतल्या पोरांच्या संध्याकाळी जातात, त्याची होत नाही.

मुलांना काय हवे, ते मुलांना विचारायलाही हवे. ग्रामसभेत मतदारालाच जागा, त्यामुळे सतरा वर्षांच्या मुलीला तिथे बोलता येत नाही. पण ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, हे आपल्याच कायद्याने आणले. सुरुवातीला कागदोपत्री झाल्या असतील, पण आज कित्येक गावांत दारूबंदीचा विषय त्याच सभेतून वर येतो. तशीच मुलांची सभा घ्या आणि तिचे इतिवृत्त ग्रामसभेत वाचा. विकास आराखड्याच्या मार्गदर्शनात बालसभा आहे, फक्त ती खरोखर भरवायची आहे. शाळेच्या वाटेवर दिवा नाही, मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, एसटी थांब्यावर थांबत नाही, हे त्या सभेत कळेल. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास आहे. गाडीच थांबली नाही, तर पास दप्तरातच राहतो. आगारप्रमुखाकडे ठराव घेऊन जायला सरपंचाला कोणाची परवानगी लागत नाही.

आणि हे सगळे किती निकडीचे आहे, त्याचा एक आकडा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींची लग्ने अठराच्या आत झाली होती. पाचातली एक. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी कोण? ग्रामसेवक, म्हणजे आताचा ग्रामपंचायत अधिकारी. गावच्या बाल संरक्षण समितीचा अध्यक्ष कोण? सरपंच. म्हणजे जबाबदारी कायद्यानेच ग्रामपंचायतीच्या दारात आणून ठेवली आहे. पण ज्याच्याकडे दोन-तीन गावांचा कारभार आहे, त्या अधिकाऱ्याला नववीतल्या मुलीची सुपारी फुटल्याचे कळणार कसे? बहुतेकदा मांडव पडल्यावर कळते. तोवर पाहुणे आलेले असतात, कर्ज काढलेले असते, आणि लग्न थांबवायला गेलेल्याशी सगळे गाव भांडते.

संध्याकाळच्या खोलीत रोज येणारी मुलगी सलग चार दिवस आली नाही, तर तिथल्या ताईला पाचव्या दिवशी चुकल्याचुकल्यासारखे होते. ती घरी जाऊन विचारते. तेव्हा पत्रिका छापलेली नसते, उसने घेतलेले नसते, आईशी अजून बोलता येते. नाहीच ऐकले, तर १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करायलाही वेळ असतो.