जाड ते मजबूत!

लोंढ्याला समुद्र नाही, पण समुद्राकडे जाणारी गाडी आहे. बेळगावचे आणि हुबळीचे रूळ इथं एकत्र येतात आणि कॅसलरॉक, दूधसागर, कुळे करत वास्कोला उतरतात. त्यामुळे वास्कोच्या भावोजींच्या होडीला काही झालं, की सल्ले लोंढ्याहून सुटतात. तेही वेळेवर.

यंदा इंजिनाचा पाण्याचा पंप गळू लागला. पॅकिंग गेलं होतं. म्हणजे पंपाचं तोंड आणि झाकण यांच्यामधला कागद. बातमी स्टेशनबाहेरच्या चहाच्या गाड्यावर पोचली आणि गाव कामाला लागलं. एकानं सायकलची ट्यूब सुचवली, दुसऱ्यानं एम-सील. या आत्मविश्वासालाही कारण आहे. पंपवाल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींपासून सुरुवात केली ती बेळगावात. १९१० साली त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली ती नंतर. तेव्हापासून पंपाची अक्कल आपल्या जिल्ह्यातच मागे राहिली आहे, असा इथं सर्वांचा समज आहे.

मामांनी मात्र लग्नपत्रिका काढली. "कागद बघ की कसला जाड हाय! गळायची काय बिशाद हाय गा?"

मामा पत्रिका आणि हातोडी घेऊन वास्कोला गेले. पत्रिका पंपाच्या तोंडावर धरली आणि कडेकडेनं हातोडीचे हलके ठोके देत गोल कापला. हात मात्र कसबी! स्क्रूचं एक भोक 'चि. सौ. कां.'मधून गेलं, दुसरं 'आपले नम्र'च्या आरपार. 'कृपया आहेर आणू नये' तेवढं झाकणाबाहेर डोकावत राहिलं.

इंजिन सुरू झालं. एक थेंब गळेना. मामांनी मिशीवर हात फिरवला. तेवढ्यात भावोजींनी होडीच्या कडेची, पाणी बाहेर सोडणारी नळी पाहिली. तिच्यातूनही थेंब येत नव्हता. गळती थांबली होती, कारण गळायला आत पाणीच नव्हतं!

या पंपात रबरी पात्यांचा पंखा असतो. त्याची कड झाकणाला जेमतेम टेकून फिरली, तरच पाणी ओढलं जातं. पॅकिंग जाड झालं की मधे फट राहते, पंप हवा ओढतो, इंजिन तापतं आणि कोरडी रबरी पाती बघता बघता जळतात. पॅकिंग फार पातळ असलं, तर पंखा झाकणाला घासतो. म्हणून त्याची जाडी ठरलेली असते, साधारण पाव मिलिमीटर. पत्रिका तिच्या दुप्पट होती, शिवाय वर सोनेरी नक्षी.

बंदरावरच्या मिस्त्रीनं काहीही न बोलता पत्रिका ब्लेडनं खरवडली, तोंड पुसलं, मापाचा कागद बसवला आणि समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीनं आवळले. पाणी आलं. मामा म्हणाले, "आमच्याकडं विहिरीच्या पंपाला चाललं असतं."

तेव्हा मंडळी, पत्रिका लग्नाला न्या. पंपाला दुकानातून मापाचं पॅकिंग आणा, आणि एक जादा ठेवा. सल्ला मात्र आणू नका. तो लोंढ्याहून आपोआप येतो.